नाव न घेता

रविवार, ४ मार्च १९७३
दुष्काळी तलावाच्या कामावर हजेरी घेतली. ऊन फार. ही नवस फेडायला तुळजापूरला गेली ती परत आलीच नाही. महिना होत आला. पोलिसांत सांगून झालं. धर्मशाळा, वाटेवरचा दवाखाना — सगळीकडे मीच विचारून आलो. "बब्रुवान कारकुनाची मंडळी इथं आली होती का?" कुठंच नाही.

बलभीम मुकादम म्हणाला, मुरुमला महालिंगप्पा आहेत. रिटायर जमादार. चोरीची जनावरं, हरवलेली माणसं हुडकून देतात.

मंगळवार, ६ मार्च
मुरुमला गेलो. महालिंगप्पा बाजेवर शेंगा फोडत होते. फोटो पुढं केला, बघितला न बघितला.

"लग्नातला दिसतोय. ह्या तोंडानं कोण हिंडतंय आता? चालती कशी? दुखणं आलं की बोलती का गप पडती?"

गप पडते, म्हणालो.

"नाव?"

मला बोलवेना. बोटानं धुळीत लिहिलं. ते मोठ्यानं हसले — "म्हशीवाला येतो त्यो आधी म्हशीचं नाव सांगतो, कारकून! तुम्ही बायकोचं लाजता व्हय?" मग एकदम थांबले. "आजवर इचारलं कसं?"

माझं नाव सांगून, म्हणालो. त्यांनी शेंगा बाजूला सारल्या.

शनिवार, १० मार्च
काही नाही. टँकरही नाही.

गुरुवार, १५ मार्च
महालिंगप्पा कामावरच आले. मला बाभळीखाली नेलं. वाटेवरच्या त्याच दवाखान्याच्या दारात आजारी म्हातारा होऊन दोन दिवस बसले होते. विचारलं काहीच नाही. तिथली आया जाईबाई तंबाखू चोळायला शेजारी बसायची, तिलाच बोलू दिलं.

तापानं फणफणलेली बाई एसटीतून उतरवून आणली होती. नाव अयोध्या. गाव विचारलं तर "तलावावर." कुठल्या तलावावर? गप. नवऱ्याचं नाव विचारलं की पदर तोंडाला. जाईबाई म्हणाली, "उखाण्यात तरी घे की गं!" तर हसली म्हणे.

आठवड्यात गेली. वारस मिळेना म्हणून दवाखान्यातल्यांनीच माती दिली.

हसली! दिवसभर तेवढंच डोक्यात.

शुक्रवार, १६ मार्च
जाईबाईला भेटलो. तिनं मला ओळखलं. मी व्हरांड्यात विचारत उभा होतो, तेव्हा ही आत खाटेवर होती. जिवंत.

"बब्रुवान कोण, आमाला काय ठावं? न्हाय म्हणून सांगितलं. पण तुमचा आवाज आला तशी ती उठून बसली बघा. डोईवरून पदर घेतला. दाराकडं बघत ऱ्हायली. मला वाटलं, डाक्तर आला म्हणून."

हाक नाही मारली?

"मालकाला हाक कशी मारंल बाईमाणूस?"

अंधार पडता घरी आलो. पीठ मळलं. दोन भाकरी थापल्या. एक करपली, तीही खाल्ली.