चावीतला सेल मी बदलला

बाबा, तुमच्या गाडीच्या चावीतला सेल मी बदलला. कोणाला विचारलं नाही, कोणाकडे नेली नाही. घरी, स्वयंपाकघरातल्या मेजावर, दुपारच्या चहाच्या आधी बदलला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, त्यामुळे "सोड तें, तुका जमचें ना" म्हणायला तुम्ही समोर नव्हतात. असतात तरी मी बदलला असता, हे आधीच सांगून ठेवते.

पाळी गावातलं आपलं घर बंद करून आईला मी पार्सेला माझ्याकडे आणलं, तेव्हा तिच्या कपड्यांच्या ट्रंकेमागोमाग गाडीही आली. कागदोपत्री ती दादाची, कारण तुम्ही गेल्यावर ती त्याच्याच नावावर व्हायची हे सगळ्यांनी धरून चाललेलं. तो पुण्याला असतो. चालवते मी, रोज तुयेच्या कारखान्यात जाताना. तुम्ही ती घेतलीत तेव्हा आपल्या अख्ख्या वाड्यावर रिमोटची दुसरी गाडी नव्हती. जेवण झालं की दारापुढच्या बाल्कांवातल्या सोप्यावर बसून तुम्ही अंगणाकडे चावी रोखायचात. गाडी बंद करायचात, उघडायचात, परत बंद करायचात. दिवे लुकलुकले की आई म्हणायची, "झोपू दे तिला आता." मला ती चावी तुम्ही एकदाच हातात दिलीत, तीही देवळात जाताना तुमच्या सदऱ्याला खिसा नव्हता म्हणून.

गेल्या महिन्यात एका सकाळी आईला म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. बटण दाबलं तर गाडी गप्प. बरेच दिवस चावी अगदी काचेला टेकवून दाबावी लागत होती, त्या दिवशी तेही नाही. शेवटी ती दारात घालून फिरवली. दार उघडलं आणि गाडी बोंबलायला लागली. शेजारपाजारची माणसं गेटावर आली, आई अंगणाच्या मधोमध कानांवर हात ठेवून उभी. मी आत बसून इंजिन चालू केलं तेव्हा कुठे ती थांबली. डॉक्टरकडे आम्ही वेळेवर पोचलो.

संध्याकाळी मीच दादाला फोन केला. तिथेच चुकलं. तो म्हणाला, "चावी गेली म्हणजे गाडी गेली. एवढ्या जुन्या गाडीची चावी आता मिळत नाही. आणि तू ती उघडू नको हां. आत एक चिप असते. ती हरवली तर इंजिनसुद्धा चालू होणार नाही. मी एका गिऱ्हाइकाला सांगून ठेवतो, रविवारी येऊन गाडी घेऊन जाईल."

"आणि आईला म्हापशाला?"

"टॅक्सी कर."

तू उघडू नको. बाबा, हे वाक्य त्याचं नव्हतं, तुमचं होतं. मला मिक्सर आठवला. मी नववीत आहे. चतुर्थीचा आदला दिवस, वाटण व्हायचंय आणि मिक्सर बंद पडलाय. तुम्ही खाणीच्या वर्कशॉपात. मी तो उलटा करून उघडते, मोटरचे कार्बन झिजलेले दिसतात. साखळीला बसने जाऊन नवे आणते, बसवते, आणि संध्याकाळपर्यंत वाटण होतं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या पंगतीत तुम्ही सांगता, "आमच्या पुतान दुरुस्त केलो." दादा पानात बघून जेवत राहतो. मी दारातून म्हणते, "मी केला." तुम्ही मान न वळवता म्हणता, "कोणी केला त्याचं काय, चालला ना?" सगळे हसतात.

त्याचं काय म्हणजे काय, बाबा? तुमच्या वर्कशॉपात कोणी कुठला बोल्ट ढिला ठेवला हे तुम्ही वासावरून ओळखायचात. बेळगाव-कोल्हापूरकडून आलेली माणसं तुमच्या हाताखाली मेकॅनिक होऊन बाहेर पडली. त्यांतले एक तुयेला भेटतात, अजून तुमचं नाव काढलं की कानाला हात लावतात. तुम्ही शिकवणारे होतात हे मला मान्य आहे. फक्त घरी शिकवणारे नव्हतात. दादा दहावी झाला तेव्हा तुम्ही त्याला स्क्रू-ड्रायव्हरांचा सेट दिलात. मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क पडले तर इस्त्री. ती इस्त्रीसुद्धा मी पुढे दोनदा उघडून दुरुस्त केली, तुम्हाला न सांगता. आज मी कारखान्यात जुळणी विभागाची सुपरवायझर आहे. माझ्या हाताखाली पंचवीस बायका दिवसभर बारीक पार्ट बसवतात आणि एकीलाही मी कधी सोड म्हटलेलं नाही. सांगते, पुन्हा कर.

तर शुक्रवारी सुट्टी टाकली. दादाचा तो सेट तो पाळीलाच टाकून गेला होता, घर बंद करताना मी उचलून आणलेला. त्यातला सगळ्यांत चपटा घेतला आणि चावीच्या कडेच्या फटीत घालून हळूच पीळ दिला. कट् आवाज झाला. वाटलं मोडलीच, पण दोन भाग सरळ वेगळे झाले. आत बटणांचं रबर, हिरवी पट्टी आणि नाण्यासारखा चपटा सेल. बघायला म्हणून चावी तिरकी केली आणि काळ्या तिळाच्या लाडवातून तुकडा पडावा तसं काहीतरी खाली पडलं. चिप. मी गुडघ्यांवर बसून गॅसच्या सिलिंडरमागे, कपाटाखाली बघत राहिले. काही न विचारता आईसुद्धा खाली बसली. तिला नीट दिसत नाही, म्हणून ती तळहाताने जमीन चाचपत पुढे सरकत होती. चाचपता चाचपता म्हणाली, "मिक्सराच्या वेळी मी बोलायला हवं होतं. मला माहीत होतं." थोड्या वेळाने तिने मूठ उघडली. "हेंच मगो?" तेच होतं.

चिप जागेवर बसवली. जुना सेल रुमालात बांधून पेडण्याच्या बाजारात घड्याळवाल्याकडे नेला. त्याने नंबर वाचून तसाच नवा काढला आणि हात पुढे केला, "चावी दी हंय, मी घालून दितंय." म्हटलं, नको, माझी मी घालते. घरी येऊन सेल घातला, दोन्ही भाग दाबून मिटवले, अंगणात गेले. गाडीने दिवे लुकलुकवले. आईने बाल्कांवातून विचारलं, "जालें?" म्हटलं, झालं.

रविवारी दादाचा माणूस आला. त्याच्यासमोर मी गाडी बंद केली, उघडली, आणि सांगितलं की विकायची नाही. त्याने दादाला फोन लावून माझ्या हातात दिला.

"कोणी करून दिली?"

"मी केली. आणि गाडी माझ्या नावावर कर. कागद मी तयार ठेवते."

मग म्हणाला, "आईला दे." आईने फोन घेतला, "सही कर रे," एवढंच म्हणाली आणि मला परत दिला. पुढच्या आठवड्यात सही होऊन कागद आले. गाडी आता माझी आहे, बाबा. तुमची नाही, दादाची नाही. हे तुम्हाला आवडलं नसतं, आणि ते मला चालतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. वर जे सेल घातला आणि दिवे लागले असं लिहिलंय, ते तसं झालं नाही. मी सेल उलटा घातला होता. रोज पंचवीस जणींना अधिक-उणे तपासायला सांगणारी मी. अंगणात जाऊन बटण दाबलं तर काहीच नाही, आणि तिथे उभ्या उभ्या मला वाटलं की तुमचंच खरं होतं. फार वेळ नाही, चावी परत उघडेपर्यंत. आईला मी सांगितलंय, पहिल्याच खेपेला चालली.