तारखेचा डबा

बालाघाट, ऑगस्ट २००४

धनपाल भाऊ,

जय भीम. दिल्लीच्या टीव्हीवाल्यांचा फोन आलता. आपल्या बाबाच्या घरावरून तुह्या-माह्यातला खटला ते त्यांच्या टीव्हीवरच्या अदालतीत एका दिवसात निपटवून देतो म्हणतात. फक्त आपण दोघांनीही हौ म्हणलं पाहिजे. माही पोरगी म्हणते, "नऊ साल झाले आई, निपटव ना!"

मी हौ म्हणणारच होती. तेवढ्यात फोनवरच्या बाईनं विचारलं, "भाई से आखरी बात कब हुई?"

काय सांगू? वकिलांनी बोलाले मना केलं, तेव्हापासून तारखेले आपण कचेरीतल्या एकाच बाकावर मुक्यावाणी बसतो. मी मधात डबा ठेवते. तू मलाजखंडहून उपाशी आलेला असतो. गुपचूप खातो, नळावर डबा धुऊन परत ठेवतो. मागच्या तारखेले भरीत होतं. त्यातली भाजलेली मिरची तू माह्यासाठी ठेवलती.

निकाल लागला तर घर कोणाले तरी भेटन. पण मंग आपण कुठं भेटू?

मी नाही म्हणलं. पोरीले मात्र सांगतलं, मामाच तयार नाही. तुह्यावर खोटा आळ घेतला, भाऊ.

वकिलाच्या धाकानं हे पत्र टाकत नाही. सोळा तारखेले उपाशीच येजो.

तुही बहीण,
सुकेशिनी