तलाव स्वच्छ आहे

१४ फेब्रुवारी
पुन्हा तोच आकडा! आमच्या गावच्या तलावात पारा — इतका, की प्रयोगशाळेतल्या आमच्या मॅडमनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या गावाकडं, पिशोरच्या त्या अंगाला कारखाना नाही, कोळसा जळत नाही. ओढ्यातून येणार तरी कुठून?" मला काय ठाऊक! ज्या पाण्यात पोहायला शिकले त्याच्यावरच आळ घेतेय मी.

१५ फेब्रुवारी
जेवण गेलं नाही. चूक माझीच असणार.

१७ फेब्रुवारी
प्रयोगशाळेतल्या रूपालीला घेऊन गावी आले. पाऱ्यासाठी पाणी घ्यायचं तर दोघी लागतात — एकीनं फक्त बाटलीला हात लावायचा, दुसरीनं बाकी सगळ्याला. बाटलीवाली मी. "आली आमची सोवळ्यातली बाई!" — रूपाली. बांधावर बिरूमामा मेंढरं घेऊन उभे. "पोरी, मेंढरं हितलंच पितेत, पोरं मासे धरतेत. चालतंय का नाय, सांग की." तपासून सांगते, मी म्हणाले. "मागल्या बारीलाबी हेच म्हनलीस!"

आत्या, म्हणजे मनकर्णाआत्या, तलावाच्या पायरीवर निर्माल्य सोडायला आली होती. लहानपणी ती टोपली मी धरायची. सुकलेली फुलं, तडकलेला देवाचा फोटो, फाटकी पोथी — सगळं याच पाण्यात. मग परकर खोचून मी पोहायची, ती काठावरून ओरडायची.

बाटल्या नेहमीसारख्या तिच्या कोठीच्या खोलीत ठेवल्या, सकाळच्या गाडीपर्यंत. घरात तीच खोली गार. माझी पहिली शाळाही तीच. आत्या परातीत ज्वारी पसरायची, मी बोटानं अ काढायचा. चुकला की परात हलवायची — पाटी कोरी! बेरीज शिकले ती कोठीतल्या टिकड्यांवर. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या, करड्या, जड. "पाय लागू देऊ नको गं, महादेवाची वस्तू हाय!" त्या परातीइतकं पुढं कुठल्याच वर्गात शहाणं वाटलं नाही.

आज तिला सुईत दोरा ओवता येईना. हात थरथरत होते. "वय झालं गं."

२४ फेब्रुवारी
एक बाटली शुद्ध पाण्याची नेली होती, फक्त सोबत. तलावात बुडवलीच नाही. तिच्यातही पारा!

म्हणजे तलावातला नाही. मग बाटल्या होत्या कुठं? कोठीच्या खोलीत.

टिकड्या! पाऱ्याच्याच तर असतात, म्हणून तर आत्याला ती महादेवाची वस्तू. एकदा एक ठेचली होती, चंदेरी थेंब तळहातावर पळत सुटला — आत्या आणि मी पोट धरून हसलो होतो. त्याची वाफ बंद बाटलीतही शिरते, हे मी सेमिनारमध्ये लोकांना सांगते! आणि ती बाई त्याच खोलीत झोपते. ते हात वयानं थरथरत नसतील तर?

लगेच फोन केला. "आत्या, सगळ्या टिकड्या आजच घराबाहेर काढ. एकही नको. गल्लीतही सगळ्यांना सांग."
"व्हय गं बाई, काढते. वरडू नको."
तिच्यासाठी शहरातल्या डॉक्टरांची वेळ घेतली. रडू आवरेना.

२६ फेब्रुवारी
रूपाली आणि मी पुन्हा तलावावर. बाटल्या कुठंही न टेकवता थेट प्रयोगशाळेत. आत्याच्या ओसरीवर टिकड्यांनी भरलेली पाटी, वर ओलं फडकं. घराबाहेर, एकदाची! गाडीतूनच दिसली, उतरलेसुद्धा नाही.

५ मार्च
तलाव स्वच्छ आहे. स्वच्छ! मॅडम म्हणाल्या, "आपली चूक आपण शोधली, हेही कामच." बिरूमामांना फोन केला. "मग आज माशाचं कालवण! तूबी ये." किती दिवसांनी पोटभर जेवले. पायरी, टोपली, ते हिरवं पाणी — सगळं परत माझं झालं.

६ मार्च
आत्याचा फोन. खुशीत होती. "तुझं ऐकलं बरं का! समद्या गल्लीच्या गोळा केल्या, पाटीभर निघाल्या. पर महादेवाची वस्तू उकिरड्यावर कशी टाकू? सोमवार बघितला, हळदकुंकू वाह्यलं, अन् तलावात सोडल्या."

मी नुसतं 'घराबाहेर' म्हणाले होते.