हिमांशूला काहीही नाही

मी, रामेश्वर भिकन नेमाने, वय वर्षे ४७, राहणार वाळूज, जि. छत्रपती संभाजीनगर, आठवडाभर कारखान्यात मशीन चालवणारा आणि सुट्टीला डीजे म्हणून ट्रान्स हे नाचायचे संगीत वाजवणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात छातीचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचाही दबाव नाही. हेवा आहे, पण हेव्याला दबाव म्हणत नाहीत, असे वकीलसाहेबांनी सांगितले.

१. वाळूजचे दोन खोल्यांचे घर पत्नी शालू हिला. बांधले तेव्हा मागे ज्वारी होती. आता तिन्ही बाजूंना इमारती उठल्या आहेत आणि पाण्याचा टँकर गल्लीत वळत नाही. बिल्डर विचारायला आला तर शालूने त्याला चहासुद्धा देऊ नये. बँकेत जे काही असेल तेही तिचेच. माझे स्पीकर तिने वीस वर्षे सहन केले आहेत.

२. पाचोडच्या बाजारातून आणलेली बाजाची पेटी, माझी वही आणि हेडफोन मुलगी अक्षदा हिला. प्रत्येक ट्रॅकचा सूर मी पेटीवर शोधला आणि वहीत लिहिला: काळी चार, वेग मिनिटाला १३२ ठोके. पुढचा ट्रॅक त्याच सुरातला किंवा त्याच्या पंचमातला घ्यायचा, दोघांचा वेग जुळवायचा, म्हणजे एक कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला हे नाचणाऱ्याला कळत नाही. एका ट्रॅकला मला अर्धा तास लागतो. दुसरा डीजे हिमांशू सदाशिव पाटोदेकर याचा लॅपटॉप ते चार सेकंदांत सांगतो, आणि शहरात नाव त्याचेच आहे.

अट एकच. अक्षदाच्या पोस्टरवर 'हिमांशूची शिष्या' असे छापू नये. घरात बाप असताना पोरगी आठ वर्षे त्याच्याकडे शिकायला जाते. हे मला सहन होत नाही आणि झाल्याचे नाटकही मी केलेले नाही.

३. हिमांशूला काहीही नाही. कारण नोंदवून ठेवतो.

मे २०१६. दुष्काळामुळे एका रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव कोरडा पडला होता, म्हणून मालकाने त्यातच नाचायची जागा केली. कार्यक्रम संध्याकाळचा, प्लेअर हिमांशूचे, वाजवणारा मी. वेग वाढवला की सूरही वर चढतो. १३२चा ट्रॅक १४०वर नेला की काळी चारची पांढरी सहा होते. हे मला पाठ आहे. तरी त्या दिवशी वहीत बघून मी काळी चारच धरली आणि त्या सुरातला, मुळातच १४०चा दुसरा ट्रॅक सोडला. दोन्ही सूर एकमेकांना घासू लागले. नाचणारे थांबले. मी खाली वाकून वहीची पाने चाळत होतो तेवढ्यात सूर जागेवर आला. त्या प्लेअरवर वेग तसाच ठेवून सूर मूळ जागी आणणारे बटण असते, ते दाबले गेले होते. मान वर केली तर शेजारी हिमांशू. लोक त्याच्याच नावाने ओरडू लागले. तो हसला नाही, नंतरही कोणाजवळ बोलला नाही. बोलला असता तर मी भांडून मोकळा झालो असतो.

अकरा वर्षांची अक्षदा तेव्हा माझ्या दुसऱ्या बाजूला खोक्यावर उभी होती. घरी जाताना गाडीवर म्हणाली, "पप्पा, हिमांशूदादाकडं शिकू का?"

४. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून मुद्दाम हिमांशूलाच साक्षीदार केले आहे.

५. (सही करण्यापूर्वी वाढवलेले.) वरील मजकूर आज दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. गरज नव्हती, पण हिमांशूने ऐकावे अशी माझी फार इच्छा होती. तिसरे कलम संपल्यावर तो म्हणाला, "दादा, ते बटण मी दाबलं नव्हतं. माझा हात पोचायच्या आत अक्षदानं दाबलं."

"मग आठ वर्षं बोलला का नाय?"

"तिनं शपथ घातली होती. पप्पाला वाईट वाटेल म्हणाली."

मी शालूला हाक मारून विचारले. ती म्हणाली, "व्हय. तुमाला सोडून समद्यायला माहीत हाय."

सबब दुसऱ्या कलमातील अट मी खोडत आहे. पोस्टरवर काय छापायचे ते अक्षदाने ठरवावे. हिमांशूला तरीही काहीही नाही. आठ वर्षे मी चुकीच्या माणसाचा हेवा केला. मला वहीत सापडत नव्हते ते अकरा वर्षांच्या पोरीने नुसते ऐकून ओळखले. आता हेवा करायचा तर तिचा करावा लागेल, आणि खरे सांगतो, तो होतोच आहे. मी जिवंत असेपर्यंत हे कलम तिला कोणी वाचून दाखवू नये.

स्थळ: वाळूज
दि. १६ मे २०२४

(सही) रामेश्वर भिकन नेमाने

रामेश्वर यांनी आमच्या देखत सही केली, आम्ही त्यांच्या देखत केली.

साक्षीदार
१. (सही) कडुबा साळुबा वाघ, कारखान्यातील सोबती
२. (सही) हिमांशू सदाशिव पाटोदेकर