बोटभर अंतर

रविवार, ४ मे

हात टेकवला नाही मी. लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या स्वतःशी कानावर हात ठेवता येणार नाहीत.

बाप्तिस्मा झाला की नव्या माणसाच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून मी प्रार्थना म्हणायची, ही आमच्या मंडळीची रीत. आज गुडघे टेकून होता तो तळघरवाला. माझ्याच हॉस्पिटलात, खाली शवागारात कामाला आहे – प्रेतं धुतो. सगळ्यांचे डोळे मिटलेले. त्याचेही. माझा हात त्याच्या केसांपर्यंत गेला आणि बोटभर वर थांबला. शेवटपर्यंत तसाच! आवाज मात्र नेहमीसारखा, गोड आणि किंचित कापरा. बाहेर आल्यावर वन्सं म्हणाल्या, "आज रडवलंस गं."

सोमवार, ५ मे

सगळ्या प्रार्थनांत मला हीच आवडते. मोठमोठं काही मागत नाही ती. 'प्रभो, हा आज तुझ्या घरी आला आहे, त्याला उंबऱ्यावर ठेवू नकोस. तो पडला तर आमचे हात पुढे कर. आम्ही मागे सरलो तर आम्हाला लाज दे.' 'लाज दे'च्या आधी मी जरा थांबते. थांबलं की लोकांचा गळा दाटतो – मला ठाऊक असतं!

घ्या. मिळाली लाज. माझी इतक्या तातडीनं ऐकली गेलेली ही पहिलीच प्रार्थना.

आणि दिवसभर करते काय मी? अनोळखी माणसांचे दंड धरते, शीर शोधते, रक्त काढते. कधी किळस आली नाही. मग त्याचीच का? तो तर नवा कोरा सदरा घालून आला होता.

मंगळवार, ६ मे

लिफ्टमध्ये तो होता. "जिन्यानंच जाते, तेवढाच व्यायाम!" म्हणाले. चौथ्या मजल्यापर्यंत गुडघे बोंबलत होते. बोंबलू देत.

बुधवार, ७ मे

संध्याकाळच्या सभेत तो साक्ष द्यायला उभा राहिला. "बाईंचा हात डोक्यावर आला. वाटलं, कुणीतरी आपल्याला आत घेतलं." एवढंच बोलून बसला. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. पाळकसाहेबांनी मान डोलावली. वन्संनी माझा हात – तोच, उजवा – धरून दाबला. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. धरणी कुठली घेते! चहा प्यावा लागला, वर बिस्कीट.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "त्याला कळलं नाही ना? मग झालं तर. उगाच उकरून काढू नकोस."

रविवारपासून मी स्वतःची हीच समजूत घालत होते. ह्यांच्या तोंडून ऐकली आणि स्वतःचीच शिसारी आली.

गुरुवार, ८ मे

तळघराच्या दारापर्यंत जाऊन परतले. उद्या नक्की.

शुक्रवार, ९ मे

सांगितलं. तो गमबूट धूत होता. नळ बंद करून म्हणाला, "ठाऊक आहे, बाई. हात लागला की नाही, डोक्याला कळतंच की."

"मग सभेत तसं का सांगितलंत?"

"म्हटलं, चारचौघांत सांगितलं की पुढच्या वेळी तरी टेकेल. ह्या रविवारी माझ्या लेकीचा बाप्तिस्मा आहे. ती डोळे मिटत नाही."