पुण्याचं कॉलेज वर घाल

तेजू,

मी मामाच्या गाडीतनं त्याच्या घरी हातकणंगल्याला चाललोय. आता तिथंच राहणार हाय. आईला माहीत हाय, तिच्याशी भांडू नको.

तुझा फिजिओथेरपीचा फॉर्म आज पाच वाजता लॉक हुतोय. पुण्याचं कॉलेज मिळण्याइतके मार्क असताना तू पसंतीच्या यादीत इथलं कॉलेज पहिलं घातलंयस. काल विचारलं तर म्हणालीस, दादाच्या पायात जीव येतोय, आता मधेच सोडून कशी जाऊ.

म्हणून सांगतो. शिरोलीहून कामावरनं येताना गाडी घसरली, त्याला वर्ष झालं. तवापासनं रोज संध्याकाळी तू मला डोळे मिटायला लावतीस, कंगव्याच्या टोकानं पायाचं बोट टोचतीस आणि विचारतीस, कुठलं बोट. मी बरोबर सांगतो आणि तू वहीत लिहून ठेवतीस. तेजू, मला पायातलं काय बी कळत न्हाय. पहिल्या दिवसापासनं न्हाय. मी डोळे किलकिले करून कपाटाच्या आरशात बघतो. पहिल्यांदा उत्तर बरोबर आलं तेव्हा तू आईला हाका मारत पळालीस. आपण फिजिओच व्हायचं, हे तू त्याच दिवशी ठरवलंस. त्यानंतर खरं सांगायचा धीर झाला न्हाय.

माझ्यावर राग धर, चालंल. पण पुण्याचं कॉलेज वर घाल. आईनं भाकरी झाकून ठेवलीय, खा आणि मग फॉर्मला बस.

तू चांगली फिजिओ होशील. फक्त पेशंट तपासताना आधी खोलीतला आरसा झाकत जा.

दादा