अकराव्या ओळीची हकिगत

ती. अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलंय खरं, पण गुडघ्यामुळे हल्ली आठांपैकी सहाच अंगं जमिनीला लागतात. उरलेली दोन मनाने लागली असं समज.) तुझी कंबर कशी आहे? लेकीकडची हवा मानवली का? जावईबापू अजून जेवताना सगळ्यांना बातम्या मोठ्याने वाचून दाखवतात का, की कुणी त्यांना थांबवलं? इकडे सगळे खुशाल. मुलगा खुशाल, सूनबाई खुशाल आणि मीही खुशालच, म्हणजे ताप-खोकला असं काही नाही. पत्राला तसं खास कारण नाही. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच ‘मग?’ म्हणतेस आणि मला पुढचं सुचेनासं होतं. हे प्रकरण एका दमात सांगितलं नाही तर सांगायचं राहूनच जाईल.

त्या मंगळवारच्या मणीकामाच्या मंडळींत मला नेऊन बसवलंस ती तू, हे आधी नोंदवून ठेवतो. दोष देत नाही, नुसतं नोंदवतो. चौतीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी बसलेला माणूस निवृत्त झाला की त्याचे डोळे निवृत्त होत नाहीत, हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पहिल्या महिन्यात मी टॉवेलांच्या घड्या तपासल्या, दुसऱ्या महिन्यात पडद्यांची शिवण, आणि तिसऱ्या महिन्यात सूनबाईच्या ऑफिसच्या नव्या कोटावर, कॉलरपाशी, खडूची फुली सापडली. (दोन्ही बाजूंत अर्ध्या बोटाचा फरक होता. अजूनही आहे.) ती बिचारी फुलीसकट ऑफिसात जाऊन आली. त्या दिवशी मुलाने तुला फोन केला, आणि तू म्हणालीस की याच्या हाताला काहीतरी बारीकसारीक काम द्या, नाहीतर हा घराला ‘नापास’ ठरवेल. मग तू मला हाताला धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात घेऊन गेलीस. दाराशी पोचेपर्यंत मला वाटत होतं की तू माझी दाढ काढायला नेते आहेस, आणि खरं सांगू का, तेच बरं असं वाटत होतं.

तू ती खोली विसरली नसशीलच. मंगळवारी दुपारी दवाखाना बंद, म्हणून पेशंटांच्या खुर्च्या गोल मांडायच्या, मधल्या टेबलावरची जुनी मासिकं खाली ठेवायची आणि त्यावर पांढरा टॉवेल पसरायचा, म्हणजे मणी घरंगळत नाहीत. भिंतीवर ती अक्कलदाढेची भली मोठी तसबीर. तिच्याखाली डॉक्टरीणबाई भिंग लावून बाहुल्यांचे डोळे बसवतात, तेही पेशंटला सांगतात तसं ‘जरासंच दुखेल हं’ असं बाहुलीला सांगून. शेजारी बसमधल्या कंडक्टरबाई. त्यांचा हात सुईवर असा झपाझप चालतो की मला भीती वाटते, या शेवटी बाहुलीलाही तिकीट फाडून देतील. आणि खिडकीजवळ मोठ्याबाई. ब्याऐंशी वर्षांच्या. पूर्वी टेलिफोन खात्यात होत्या, त्यामुळे त्यांना काही सांगितलं की आधी दोन क्षण थांबतात, लाइन जोडल्यासारख्या, आणि मग उत्तर देतात. तू गेलीस तेव्हा त्या अंथरुणावरच होत्या.

अक्का, मला तिथे फार आवडायला लागलं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. माझी पहिली बाहुली गरम पाण्याच्या पिशवीसारखी झाली होती. दुसरीला मान नव्हती, पण तिसरीच्या पायांवर मी निळ्या-पांढऱ्या मण्यांचे मोजे विणले तेव्हा कंडक्टरबाईंनी ती सगळ्यांच्या हातांतून फिरवली आणि कुणीही तिच्यात चूक काढली नाही. चौतीस वर्षांत माझ्या टेबलावर आलेली वस्तू कुणी अशी नुसती आनंदाने बघितल्याचं मला आठवत नाही. एकदा मी ओठांत धरलेला मणी गिळला. डॉक्टरीणबाईंनी तोंडात दिवा घालून बघितलं. मणी दिसला नाही, पण खालची दाढ किडल्याचं दिसलं आणि ती त्यांनी त्या आठवड्यात भरून दिली. सगळ्या इतक्या हसत होत्या की मलाही हसू आलं. तोंड उघडं ठेवून हसता येतं, हे तेव्हा कळलं. सोमवारी संध्याकाळीच मी चष्मा पुसून डबीत ठेवायला लागलो.

आता मुद्द्यावर येतो. (येतोच आहे. ‘मग?’ म्हणू नकोस.) मंडळातलं कुणी गाव सोडून गेलं की त्याच्यासाठी सगळ्यांनी मिळून एक बाहुली करायची, ही पद्धत तूच सुरू केलेली. कापडाचा गाभा घ्यायचा, पायांपासून वर एकेक ओळ मण्यांची चढवायची, आणि प्रत्येकाने आपल्या डबीतले मणी आपल्याला हवे तसे लावायचे. नियम म्हणशील तर एकच. दुसऱ्याची ओळ उसवायची नाही. तुझ्यासाठीची बाहुली चार महिने टेबलावर फिरत होती. पंचविसाव्या ओळीपर्यंत आली, मान तेवढी उरली. मानेचं काम नाजूक, म्हणून ती माझ्याकडे दिली. मी ती रुमालात गुंडाळून, खिशात घालून, वर हात धरून घरी आणली.

रविवारी सकाळी खिडकीशी बसून मान पुरी केली. चांगली झाली. मग बाहुली उजेडात धरून जरा फिरवली, आणि अकरावी ओळ दिसली. काय सांगू तुला. दोन लाल मणी एकाला एक चिकटलेले, मग एक मोठी फट, मग एक हिरवा मणी उगाचच, दोरा मध्ये सैल, पुढे ओढलेला, आणि शेवट जिथे सुरुवातीला मिळायला हवा तिथे न मिळता अर्धा मणी खाली. ती ओळ कुणाची हे मला कसं कळणार? ओळीवर नाव थोडंच लिहिलेलं असतं. (ती झाली तेव्हा मी माझ्या मण्यांच्या पोपटात गढलेलो होतो, वर मान करून बघितलं नव्हतं.) वाटलं, तेवढी एकच नीट करावी. पण मणीकामाचं असं आहे की अकराव्या ओळीपर्यंत जायचं तर वरचं सगळं सोडवत यावं लागतं. मी कागदावर एकेका ओळीचे रंग टिपून घेतले, मान उसवली, मग पंचविसावी, चोविसावी, करत करत अकरावीपर्यंत आलो, आणि पुन्हा वर चढलो. जसंच्या तसं. फक्त सरळ. जेवायला दोनदा हाक आली ती ऐकू आली नाही, आणि उठलो तेव्हा पाठ मोडून आली होती. मी इतका खूश होतो की सूनबाईला बोलावून बाहुली दाखवली. ती म्हणाली, छान आहे बाबा, आणि कोट कपाटात ठेवून आली.

मंगळवारी बाहुली टेबलावर ठेवली. सगळ्यांच्या सुया थांबल्या. मला वाटलं, भारावून गेल्या. कंडक्टरबाईंनी उचलली, आपली सतरावी ओळ शोधली, आणि माझ्याकडे बघितलं. तिकीट न काढलेल्या माणसाकडे त्या जसं बघत असतील तसं. मग बाहुली मोठ्याबाईंकडे गेली. त्यांना हल्ली दिसतं कमी, म्हणून त्या अंगठ्याने बघतात. पायांपासून अंगठा वर नेत एकेक ओळ त्या मोजत आल्या, अकरापाशी थांबल्या, पुन्हा खाली जाऊन मोजत आल्या. दोन क्षण गेले. “ही सगळी एकाच हाताची झालीय,” त्या म्हणाल्या. “माझी नाही लागत.” मी मूर्खासारखा म्हणालो, सगळं सरळ करून घेतलंय. त्यांनी बाहुली टॉवेलवर अगदी हळू ठेवली आणि म्हणाल्या, “छान आहे. दुकानातली वाटते.” मग सुया डबीत घातल्या, आणि डॉक्टरीणबाई त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेल्या. आजारपणानंतर सात महिन्यांनी त्यांनी पहिल्यांदा सुई धरली होती, आणि ती एक ओळ घालायला त्यांना तीन मंगळवार लागले होते. हे मला नंतर कळलं.

शरमेने मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. पण मेलो असतो तर बरं झालं असतं, कारण पुढे मी जे केलं ते त्याहून लाजिरवाणं आहे. मी ठरवलं की ती ओळ पुन्हा तशीच करायची, बाहुली गुपचूप टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, ही घ्या तुमची ओळ, सापडली. घरी बसलो, पण अक्का, माझ्या हाताला वाकडं जमेना. चष्मा काढून केली, सरळ आली. डाव्या हाताने केली, जरा वेळ लागला, पण सरळ आली. डोळे मिटून केली तर सुई अंगठ्यात गेली, ओळ मात्र सरळ. शेवटी युक्ती सुचली की हादरत्या जागी बसावं, म्हणून बसच्या अगदी मागच्या सीटवर जाऊन बसलो आणि मांडीवर रुमाल पसरून कामाला लागलो. खड्डे असलेला रस्ता मुद्दाम निवडला होता. चौथ्या थांब्यावर समोर कुणीतरी उभं राहिलं, वर बघतो तो आपल्या कंडक्टरबाई. मी कुठल्या बसमध्ये चढलो ते बघितलंच नव्हतं.

त्या शेजारी बसल्या, बाहुली बघितली, मणी बघितले, आणि त्यांना सगळं समजलं. “काका,” त्या म्हणाल्या, “उसवलंत ते उसवलंत. आता त्यांची सही पण तुम्हीच करणार?” एवढं बोलून त्या पुढे तिकिटं द्यायला गेल्या. मी पुढच्या थांब्यावर उतरलो आणि तिथून घरापर्यंत चालत आलो, गुडघा असूनही. रुमालातले निम्मे मणी बसमध्येच सांडले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते एका पुडीत बांधून घरी आणून दिले. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

असो. तू मनाला लावून घेऊ नकोस. सगळं ठीक होईल. मोठ्याबाई गेले दोन मंगळवार आल्या नाहीत, पण हवाही तशी बरी नव्हती. सोबत पार्सल पाठवतो आहे, मिळाल्याचं कळव. तुझ्या कंबरेला शेक दे, आणि जावईबापूंना माझा नमस्कार सांग, बातम्या संपल्यावर.

तुझा,
धाकटा

ता. क. पार्सलमध्ये बाहुली नाही, पोपट आहे. बाहुली बघायला मिळेल म्हणून तू घाईघाईने उघडशील, म्हणून आधीच सांगतो. बाहुली मी परवा टेबलावर सगळ्यांच्या देखत दहाव्या ओळीपर्यंत उसवली आणि माफी मागितली. त्यांनी केलं, म्हणजे माफ. आपापल्या ओळी त्या पुन्हा घालायला तयार आहेत. पण अकरावी झाल्याशिवाय बारावी लागत नाही, आणि अकरावी घालणारं माणूस येत नाही. कंडक्टरबाईंकडून निरोप पाठवला, तर डोळे थकलेत असं उत्तर आलं. त्यामुळे तुझी बाहुली गुडघ्यांपर्यंत मणी घालून उभी आहे, वर नुसता कापडाचा गाभा.

दुसरा ता. क. पत्राला खास कारण नाही असं वर लिहिलं ते खोडायचं राहिलं. कारण आहे. तू मोठ्याबाईंना चार ओळी लिही. मला त्या कदाचित नाही म्हणतील, तुला म्हणणार नाहीत. लिही की मला ती बाहुली त्यांच्या ओळीसकट हवी, नाहीतर नको. मी सांगितलं म्हणून लिहिते असं कळू देऊ नकोस. नाही, कळू दे.

तिसरा ता. क. हे पाकीट चिकटवून पुन्हा उघडलं. ओळ कुणाची ते मला ठाऊक होतं. तिन्ही मंगळवार त्यांच्या सुईत दोरा मीच ओवून देत होतो. शेवटचा मणी लागला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी आल्यावर मनात आलं, अक्का ही चार लोकांना दाखवेल, आणि त्या ओळीपाशी कुणीतरी विचारेल, ही तुझ्या तपासनीस भावाची का? म्हणून उसवली. हे तेवढं तू त्यांना लिहू नकोस, ते माझं मला जाऊन सांगायचं आहे. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो. दोन्ही वेळा बेल बंद असेल असं समजून, ती न दाबताच परत फिरलो.